कातळशिल्पं नक्की कोणी खोदली? आणि ते श्रेय आपण दुसऱ्यालाच का देतोय?

जांभ्याचा_सडा (धागाकर्ता)

मंडळी, सध्या आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. बारसूच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, चित्रांचे ड्रोन शॉट, मागे ढणढण म्युझिक, आणि एक माणूस सांगतोय की ही चित्रं जमिनीवर उभं राहून दिसतच नाहीत, ती वरून बघण्यासाठीच काढलीयत, म्हणजे वरून येणारं कोणीतरी होतं. मग पुढे बुडालेली महासंस्कृती, हरवलेलं विज्ञान, "आपल्यापासून लपवलेला इतिहास" वगैरे. खाली आमच्याच वाडीतली शिकलेली पोरं "एकदम बरोबर, सरकार सांगत नाही" असं लिहितायत. मला याचा मनापासून राग येतो, का येतो ते जरा सविस्तर लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. रत्नागिरी, लांजा, राजापूर या पट्ट्यात आणि खाली सिंधुदुर्गात उघड्या कातळाच्या सड्यांवर जमिनीतच खोदलेली चित्रं आहेत, हजाराच्या वर, १०-१२ हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज. हीच कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटर आहे आणि त्याच्या पोटात पाण्यातले नि जमिनीवरचे कितीतरी प्राणी कोरलेत. बारसूला मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. २०२२ मध्ये यातली ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, रत्नागिरी जिल्ह्यातली ७, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ.

आता "वरूनच दिसतात" हे. ज्याने हे म्हटलंय तो बहुतेक भर दुपारी गेला असणार. बारा वाजता सड्यावर सगळं एकरंगी तपकिरी दिसतं, रेघ पायाखाली असून कळत नाही. तिथेच उन्हं कलल्यावर जा. खाचेच्या एका बाजूला सावली भरते आणि अख्खी सोंड डोळ्यासमोर उठते. पावसाळ्यात सर येऊन गेली की खाचेत पाणी साठतं, तेव्हा तर लांबूनही कळतं. खाली वाकून खाचेच्या काठावर बोट फिरवलंत तर ती एकसंध कापलेली नाही, ठोके घालून घालून काढलीय हे हाताला लागतं. मशीनने किंवा कुठल्या किरणांनी केलेलं काम असं नसतं. कोणीतरी गुडघे टेकून, हातात कठीण दगड धरून, त्या तापलेल्या कातळावर बसून ते केलंय.

आणि माझा मुद्दा हाच आहे. ज्या माणसांकडे शेती नव्हती, लोखंड नव्हतं, त्यांनी हत्तीचा बाक इतका अचूक पकडला, आणि आपण त्यांचे वारस म्हणवणारे, "छे, माणसाला कसं जमेल" म्हणून ते काम परग्रहावरच्यांच्या नावावर टाकतो. हा त्या माणसांचा अपमान आहे.

---

रत्नांग्री_श्रद्धा

दादा लेख चांगला पण एक विचारते. आमची आजी सांगायची की ही चित्रं पांडवांनी एका रात्रीत काढली, कोंबडं आरवलं नि काम अर्धं राहिलं. आता तुम्ही म्हणणार तीही अंधश्रद्धा. व्हिडिओवाल्याला नि माझ्या आजीला एकाच पारड्यात बसवणार असाल तर मला ते पटत नाही, माफ करा.

---

जांभ्याचा_सडा

ताई, अजिबात नाही, उलट बरं झालं विचारलंत. आजीची गोष्ट आणि हा व्हिडिओ यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आजीने कधी म्हटलं नाही की माझ्याकडे पुरावा आहे आणि शास्त्रज्ञ खोटं बोलतायत. शिवाय त्या गोष्टीने चित्रं राखली. पांडवांचं आहे, देवाचं आहे म्हणून लोकांनी तिथे जांभ्या दगडाचे चिरे काढले नाहीत, गुरं बांधली नाहीत. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच मोठं चौकोनी कातळशिल्प आहे, ते आजवर टिकलं ते त्यामुळेच असं मी मानतो. आणि सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ही कातळशिल्पं शोधणारी मंडळी जेव्हा सडेच्या सडे पायी तुडवत होती तेव्हा त्यांनी विचारलं कोणाला? गुराख्यांना, गावातल्या म्हाताऱ्यांना. त्यांना माहीत होतंच. त्यांच्याकडे गोष्ट होती म्हणून जागा लक्षात होती.

व्हिडिओवाला गोष्ट सांगत नाही, तो निकाल देतोय. त्याला व्ह्यूज मिळाले की पुढच्या आठवड्यात तो लोणारला जाणार आणि तिथे ब्रह्मास्त्र पडलं म्हणणार.

---

खाणीवरचा

मी शिकलेला नाय फार पण चिऱ्याच्या खाणीवर काम केलंय म्हणून लिवतो. माझे बापूस पण खाणीवरच होते, तेव्हा मशीन नव्हती, सगळा चिरा हातानं, टिकावानं काढायचे. जांभा खोलातला ताजा असतो तवा नरम असतो, वाऱ्यावर पडला की टणक होतो हे आमच्याकडं पोराला पण ठावूक हाय. सड्याचा वरचा थर म्हंजे कातळ तो जास्त कडक, पण तो काय काळा दगड नव्हे. कठीण गारगोटी घेऊन बसलं नि रोज थोडं थोडं ठोकलं तर बोटभर खाच पडणारच, त्यात एवढं नवल काय ते मला कळत नाय. नवल हाय ते चित्राचं. माप कसं धरलं ते. आमाला चिऱ्याची लाइन सरळ यायला दोरी लागते, त्यांनी हत्तीची पाठ गोल कशी आणली ती त्यांची कला.

---

जांभ्याचा_सडा

काका, तुमची एक कमेंट त्या अख्ख्या व्हिडिओला भारी आहे. मापाबद्दल सांगतो. पेरूमध्ये नाझ्का म्हणून वाळवंट आहे, तिथेही जमिनीवर प्रचंड चित्रं आहेत. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस माणसाचं पुस्तक आलं आणि तिथल्या रेषांचा संबंध त्याने परग्रहावरून आलेल्यांशी जोडला. आज कोकणावर जे चिकटवतात ते तिथूनच उचललेलं आहे, फक्त नाव बदलून. मग १९८२ साली अमेरिकेत जो निकेल नावाच्या माणसाने घरच्या दोन चार लोकांना घेऊन, लाकडी खुंट्या आणि दोरी एवढ्यावर, तिथलंच ४४० फुटी गिधाड एका शेतात जसंच्या तसं काढून दाखवलं. विमान नाही, काही नाही. लहान चित्र काढायचं, मधली रेघ धरायची, दोरीने अंतर मोजत मोठं करायचं. आपल्या बायका देवळासमोर ठिपक्यांची मोठी रांगोळी काढतात तेव्हा त्या काय गच्चीवरून बघून काढतात?

---

मालवण_टू_मुंबई

पण मग ते घटोत्कचाचा सांगाडा मिळाला ते काय? उत्तर भारतात कुठेतरी खोदकामात ६०-७० फुटी सांगाडा सापडला, लष्कराने एरिया सील केला. माझ्याकडे फोटो आहे, बाजूला माणूस उभा आहे त्यावरून साइज कळते. एवढी मोठी माणसं होती तर १८ मीटरचा हत्ती काढणं त्यांना काहीच नाही.

---

भूगर्भ_राजापूर

तो फोटो मीही कितीदा पाहिलाय, दर दोन वर्षांनी परत येतो. २००२ मध्ये इंटरनेटवर फोटो बदलायची एक स्पर्धा होती, त्यात एका कलाकाराने तो बनवला. मूळ फोटो न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावच्या उत्खननाचा, आणि तिथे निघाली होती मॅस्टोडॉनची हाडं, म्हणजे हत्तीच्या जुन्या नात्यातला प्राणी. त्यावर माणसाचा सांगाडा चिकटवला. गंमत म्हणजे हाच फोटो अरब देशांत कुराणातल्या आद समाजाच्या राक्षसी माणसाचा म्हणून फिरतो, आपल्याकडे घटोत्कच, तिकडे बायबलवाल्यांकडे बायबलमधले राक्षस. एकच फोटो, तीन धर्म.

माणूस एवढा मोठा का होऊ शकत नाही याचं साधं कारण आहे. उंची दहापट झाली की वजन हजारपट होतं पण हाडाची जाडी, म्हणजे त्याचं छेदक्षेत्र, शंभरपटच वाढतं. आपल्या आकाराचा माणूस ६० फुटी झाला तर पहिल्या पावलातच मांडीचं हाड मोडेल.

---

प्रश्न_विचारणारा

सगळं ठीक आहे. पण १० हजार वर्षं, १२ हजार वर्षं हे तरी कोणी ठरवलं? दगडावरच्या रेघेची कार्बन डेटिंग होत नाही असं मीच वाचलंय. मग तुमचा आकडा आणि व्हिडिओवाल्याचा आकडा यात काय फरक? दोघेही अंदाजपंचे.

---

भूगर्भ_राजापूर

चांगला प्रश्न आहे आणि निम्मं तुमचं बरोबर आहे. कार्बन पद्धत लागते ती लाकूड, कोळसा, हाड, शिंपला अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींना. नुसत्या खाचेत कार्बन नाही. म्हणून आजूबाजूने पुरावा गोळा करावा लागतो. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तेजस गर्गे संचालक असताना त्यांनी इसवीसनपूर्व १० हजारच्या आसपास असा अंदाज मांडला तो असाच. एक, शिकार, मासे, प्राणी हे सगळं आहे पण नांगर, शेती, पेरणी यातलं काही नाही. दोन, गेंडा आणि पाणघोडा यांची चित्रं आहेत असं अभ्यासक सांगतात, हे प्राणी आज कोकणात नाहीत. पाणघोडा तर भारतातूनच कधीचा संपला, पण त्याचे जीवाश्म आपल्या नदीखोऱ्यांत मिळतात. गेंड्याचं म्हणाल तर गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या आधीच्या दगडी हत्यारांच्या काळातल्या, माणसांनी वापरलेलं गेंड्याच्या खांद्याचं हाड निघालंय. म्हणजे पश्चिम भारतातल्या माणसाने गेंडा पाहिला होता यात शंका नाही. तीन, सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळालीत, म्हणजे या भागात तसे लोक राहत होते.

अंदाजच आहे, पण कशावर बांधलाय ते तुम्हाला दिसतंय, तुम्ही त्यातलं एकेक तपासू शकता, आणि उद्या सड्यावरच्या मातीचं नीट वय निघालं तर आकडा पुढे मागे होईल. होऊ दे की. सगळी चित्रं एकाच काळातली असतील असंही नाही. व्हिडिओवाल्याच्या आकड्याखाली काय आहे ते तो सांगतच नाही.

---

प्रश्न_विचारणारा

हे पटलं. पण देवाचे गोठणेला कातळशिल्पापाशी होकायंत्र फिरतं ते? मी स्वतः पाहिलंय, मोबाइलचं नाही, खरं होकायंत्र.

---

भूगर्भ_राजापूर

फिरतं, खरं आहे. जांभ्यात लोखंडाची खनिजं ठासून भरलेली असतात, रंगच बघा ना. आणि उघड्या माळावर वीज पडली की त्या जागेचा खडक जोरात चुंबकीय होतो, जगात खूप ठिकाणी मोजलेलं आहे हे. आपल्या सड्यांवर मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको. माझं मन असं म्हणतं की त्या काळच्या माणसांनी कदाचित वीज पडलेली बघून ती जागा निवडली असेल, पण हे माझं मत, पुरावा नाही.

---

सनातन_सत्य_शोध

तुम्ही सगळे पाश्चात्त्यांचंच खरं धरून बोलताय. माणूस आधी जंगली होता, मग शहाणा झाला, ही डार्विनची देणगी. आपल्या शास्त्रांप्रमाणे माणूस प्रत्येक युगात होता. मायकेल क्रेमो आणि थॉम्सन यांनी १९९३ साली जाडजूड पुस्तक लिहून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माणसांचे पुरावे दाखवले, विद्यापीठांनी ते दाबले. आणि परशुरामाने समुद्र हटवून कोकण वर काढलं हे तर आज समुद्राच्या पातळीच्या अभ्यासातूनही सिद्ध होतंय. दशावतारही बघा, मत्स्य, कूर्म, वराह. पाण्यातून जमिनीवर. म्हणजे आपल्याकडे आधीच होतं.

---

जांभ्याचा_सडा

दादा तुम्ही तळमळीने लिहिलंय म्हणून तसंच उत्तर देतो.

आधी तुमच्याच दोन वाक्यांकडे बघा. एकीकडे म्हणता डार्विन चूक, माणूस पहिल्यापासून माणूसच होता. दुसरीकडे म्हणता दशावतार म्हणजेच उत्क्रांती, ती आपल्याकडे आधीच होती. दोन्ही एकदम कसं? यातलं एक काहीतरी धरा. मला स्वतःला दशावतार दशावतार म्हणूनच आवडतो, आमच्याकडे जत्रेत रात्रभर बसून बघतो, त्याला जीवशास्त्राच्या सर्टिफिकेटची गरज नाही.

क्रेमोंच्या पुस्तकात कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींतून निघालेल्या वस्तूंवर बराच भर आहे. त्या खाणींतली सगळ्यात गाजलेली वस्तू म्हणजे १८६६ ची कॅलाव्हेरस कवटी. लाखो वर्षं जुन्या थरातून निघाली म्हणून भले भले भाळले, नंतर लोकांनीच सांगितलं की खाणवाल्यांनी चेष्टा म्हणून ठेवली होती, आणि तपासणीत ती साधारण हजार वर्षांचीच निघाली. दाबलं कोणीच नाही, तपासलं. इंग्लंडात पिल्टडाउनची कवटी १९१२ साली मिळाली, माणसाचा पूर्वज म्हणून मोठमोठ्यांनी मान्य केली, १९५३ मध्ये ती बनावट आहे हे शास्त्रज्ञांनीच उघड केलं. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा, दात कानशीने घासलेले. चाळीस वर्षं लागली पण स्वतःच्याच लोकांची चूक बाहेर काढली.

आणि हे पाश्चात्त्य विरुद्ध आपण असं नाहीच. अमेरिकेत लाखो लोक मानतात की पृथ्वी ६ हजार वर्षांची आहे, आर्चबिशप अशरने तर १७ व्या शतकात हिशेब करून इसवीसनपूर्व ४००४ हे साल काढलं होतं. केंटकीत २००७ पासून एक मोठं म्युझियम आहे, तिथे माणसं नि डायनोसॉर एकत्र दाखवलेत. त्यांचा हट्ट पृथ्वी फार लहान, तुमचा हट्ट माणूस फार जुना, पण युक्तिवाद एकच की ग्रंथात आहे ते आधी आणि दगडात आहे ते नंतर.

परशुरामाचं भूगर्भ सर नीट सांगतील.

---

भूगर्भ_राजापूर

२० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता, किनारा पार पश्चिमेला. मग बर्फ वितळत गेलं आणि समुद्र आत आला, म्हणजे मोठी हालचाल गोष्टीच्या उलटी आहे, जमीन बुडाली. साधारण ६ ते ७ हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्या जवळपास स्थिरावलं, काही अभ्यासांप्रमाणे थोडं वर गेलं आणि मग काही मीटर ओसरलं. त्यातून किनाऱ्याची एखादी वाळूची पुळण वर आली असेल, पण सडे, डोंगर, अख्खं कोकण नाही. सड्याखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, जांभा त्यावरच कुजून तयार झाला.

बुडालेल्या शहरांचंही यातूनच येतं. २००१ मध्ये खंभातच्या आखातात बुडालेलं शहर मिळाल्याचं खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केलं, नंतर लाकडाचा एक तुकडा सुमारे साडेनऊ हजार वर्षांचा निघाला म्हणून सांगितलं. तुकडा तेवढा जुना असेलही, पण तो तळ गाळून वर ओढलेला होता, त्या आखातात भरती ओहोटीचा ओढा भयंकर, तो कुठून वाहत आला कोणाला ठाऊक. जुनं लाकूड मिळालं म्हणजे शहर मिळालं असं होत नाही. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे गेलं की अर्धा पुरावा गेला.

---

शाळेतली_बाई

मी राजापूर तालुक्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये आपल्या बोर्डाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. दर वर्षी कोणीतरी हात वर करतंच, "बाई, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?" मला हा प्रश्न आवडतो, कारण उत्तर सोपं आहे. आपण आजच्या माकडापासून झालोच नाही. चिंपांझी आणि आपण, दोघांचा पूर्वज एक, ६०-७० लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. चुलत भाऊ मुंबईला गेला म्हणून गावातला भाऊ मुंबईकर होत नाही, एवढं मुलांना लगेच कळतं.

त्रास मुलांचा नाही. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला केंद्रातले राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही, डार्विन चूक आहे, अभ्यासक्रमातून काढा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी विरोध केला. पण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच, १८०० च्या वर वैज्ञानिक, शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या तरी. ज्यांच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर १० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने काढलेला वाघ आहे त्या मुलांना तो माणूस कोण हे शाळेत कळायला नको? मग ते व्हिडिओतून कळणार, त्यांना दुसरं कोण सांगणार आहे.

---

रत्नांग्री_श्रद्धा

बाई, तुमचं वाचून बरं वाटलं. मी देवभोळी आहे आणि राहणार. पण आजीची गोष्ट मुलांना सांगताना आता मी शेवटी हेही सांगेन की पांडव म्हणजे आपल्यासारखीच माणसं होती असं समजा, नावं माहीत नाहीत म्हणून पांडव. चालेल ना दादा?

---

जांभ्याचा_सडा

धावेल ताई.

---

खाणीवरचा

एक अजून. हे सगळं वाद करताना सडा राहिला पायजे ना. आमच्या बाजूला एक चित्र रस्त्याच्या कामात अर्धं गेलं, कोणाला कळलं पण नाय. आणि ते व्हिडिओवाले येतात ते रेघ दिसावी म्हणून खडू, चुना, रंग भरतात. जांभा पाणी पितो, रंग आत जातो, परत निघत नाय. उक्षीला हत्तीभोवती गडगा, म्हंजे दगडाचं कुंपण, घातला तसा सगळीकडे पायजे.

---

शाळेतली_बाई

काका, अगदी खरं. म्हणूनच विचारते, सड्यावर मुलांना नेण्याआधी शाळेच्या मैदानात दोरी खुंट्या घेऊन त्यांच्याकडून एक मोठा हत्ती काढून घ्यावा असं डोक्यात आहे. म्हणजे "वरून बघायला विमान लागतं" हा प्रश्न त्यांचा त्यांनाच सुटेल. जांभ्याचा_सडा दादा, तुम्ही आणि खाणीवरचे काका येऊ शकाल का? दोरी किती लागेल?

---

जांभ्याचा_सडा

येतो बाई, नक्की. कशेळीएवढा काढायचा तर मधली रेघच १८ मीटर, त्यामुळे वीसेक मीटरच्या दोन दोऱ्या घ्या आणि दर मीटरला गाठ मारून ठेवा, मुलांकडूनच मारून घ्या. बांबूच्या खुंट्या मी आणतो. चुना नको, पोरांच्या डोळ्यात जातो, साधी रांगोळी पुरे. काका, तुम्ही लाइन धरायला या, ते काम आमच्यापैकी कोणाला तुमच्यासारखं जमणार नाही.

---

खाणीवरचा

येतो. सकाळचं ठेवा, दुपारी ऊन लय असतं.